मी प्रभूत विसावतो तेव्हा

चहा गार होऊ द्या, पण हे ऐकाच. माझ्या जिभेनं मला जिवंतपणी कबरीच्या काठावर नेऊन उभं केलं!

मी पाळक. श्रीरामपूरजवळच्या एका गावात वीसेक वर्षं बाप्तिस्मे, लग्नं, मयती आणि मंडळीतली भांडणं उरकतोय. हल्ली प्रार्थना सांगता सांगता मलाच डुलकी लागायची. शेवटी बिशपसाहेबांकडून तीन महिन्यांची रजा घेतली. शांत बसावं, आत्म्याला जरा तेलपाणी करावं, एवढाच बेत.

आता साधं 'रजेवर चाललोय' म्हणावं की नाही? पण आम्हा पाळकांना साधं बोलायचं वावडं! रविवारी उपासना संपताना आवाज जड करून जाहीर केलं, "प्रियजनहो, लवकरच मी प्रभूमध्ये विसावा घेणार आहे."

सगळं चर्च चिडीचूप. मला वाटलं, काय छाप पडली!

आदल्याच दिवशी छातीत जळजळतं म्हणून श्रीरामपूरला ईसीजी काढला होता. डॉक्टर पट्टी बघून नुसतं "हं" म्हणाले. "मोठ्या डॉक्टरांना दाखवतो, मग फोन करतो." त्या दवाखान्यात नर्स कोण? आमच्या मंडळीतल्या मार्थाबाईंची सून.

सोमवारी बायको माहेरी गेलेली. सकाळीच मार्थाबाई शेवयांची खीर घेऊन दारात. डोळे सुजलेले.

"खावा साहेब. लई भलं केलंत आमचं."

केलंत? मी चमचा खाली ठेवला. हिच्या सुनेनं पट्टी बघितली की काय?

"मार्थाबाई, सूनबाई काही म्हणाली का?"

"ती काय म्हननार? रातभर रडतीय."

झालं! डॉक्टरांना फोन लावला, उचलेनात. कसे उचलतील? असली बातमी द्यायला कोणाची जीभ रेटते?

तेवढ्यात कबरस्तान सांभाळणारे शिमोनमामा आले. टोपी हातात.

"साहेब, लिंबाखाली जागा बगून ठिवलीय. सावली हाय. आपली काय घाई न्हाई, पन बगून घ्या एकदा."

आता सांगा, कोणाचं काळीज जागेवर राहील? मी मटकन खाली बसलो आणि मामांचे पाय धरले.

"मामा, मला नाही हो जायचं! मला लई भीती वाटतीय! काहीतरी करा!"

मामा घाबरून मागे सरकले. मी भोकाड पसरलं. तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टर! गडबडीत नेमका स्पीकर चालू झाला.

"पाळकसाहेब, हृदय ठणठणीत आहे. पित्त झालंय. तिखट कमी करा."

मी डोळे पुसले. "मग तुम्ही सगळे रडताय कशाला?"

"आता! तुमीच म्हनलात की देवळात," मार्थाबाई म्हणाल्या, "प्रभूत विसावनार म्हनून!"

अरे देवा! प्रत्येक मयतीला मीच तर म्हणतो, 'आपला बंधू प्रभूमध्ये विसावला.' दुसऱ्या कशाला हा शब्द मी वीस वर्षांत वापरलेलाच नव्हता!

"अहो, रजा! तीन महिने रजा घेतलीय मी!" मी हसायला लागलो. शिमोनमामाही हसले. मार्थाबाई मात्र हसल्या नाहीत.

"साहेब, आमचे मालक गेले तवा तुमी म्हनलात, भ्यायचं कशाला, आपल्या घरीच जायचंय. त्या एका बोलन्यावर मी दिवस काढले."

त्यांनी खिरीचा डबा माझ्यापुढं सरकवला.

"रजा घ्याच तुमी. आन तीन म्हैन्यात काय हुतंय? चांगली वरीसभर घ्या!"