दोन हजार साल आणि एकशे चौदा टेलिफोन

डिसेंबरचा शेवटचा आठवडा जवळ आलेला असताना एका सोमवारी सकाळी सात वाजता आम्ही पुणं सोडलं. आम्ही म्हणजे मी, जीपचे ड्रायव्हर पोपटराव आणि मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेला एक प्रिंटर. प्रिंटरशेजारी जादा म्हणून घेतलेल्या तीन चिपांची पेटी होती. बिस्किटाच्या डब्याएवढी पेटी, पण समोर खड्डा दिसला की पोपटराव आधी वळून तिच्याकडे बघत आणि मग रस्त्याकडे.

मी टेलिफोन खात्यात इंजिनिअर आहे. नवीन साल लागताच जगभरचे संगणक घोटाळा करणार, हे गेलं वर्षभर सगळ्यांनीच ऐकलं होतं. जुन्या संगणकांना वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठाऊक. नव्याण्णवनंतर शून्य-शून्य आलं की त्यांना वाटणार, एकोणीसशे साल उजाडलं. काही नुसते गोंधळतील, काही बसकण मारतील. टेलिफोन एक्स्चेंज हाही शेवटी संगणकच. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या लहान एक्स्चेंजांमधल्या जुन्या चिपा आधीच्या तुकडीनं बदलल्या होत्या. मी जाऊन प्रत्येक ठिकाणचं घड्याळ पुढे करायचं, एकतीस डिसेंबरची मध्यरात्र भर दुपारी आणायची आणि एक्स्चेंज नव्या सालात सुखरूप पोचतं का ते बघायचं, असं काम होतं.

चौफुल्याला मोठा रस्ता सोडला आणि सुप्याच्या दिशेनं माळ सुरू झाला. पिवळं पडलेलं गवत, मधूनच बोरी-बाभळी, आणि एका वळणावर तीन चिंकारा. पोपटरावांनी न सांगता जीप थांबवली. त्या तिघी आमच्याकडे बघत राहिल्या आणि मग गवतावरून तरंगत गेल्यासारख्या निघून गेल्या.

सुप्यात एक्स्चेंजसमोरच्या टपरीवर चहा घेतला. चहावाल्यानं जीपवरचं खात्याचं नाव वाचलं.

"मॅडम, एक तारखेला समदं बंद पडणार म्हंत्यात. व्हय का?"

"नाही पडणार."

"मग तुमी कशापायी आलाय?"

"पडू नये म्हणून."

त्यानं थोडा विचार केला. "म्हंजी पडणार हुतं!" असं म्हणून त्यानं आम्हाला दुसरा चहा स्वतःहून दिला.

सुपं पास झालं. बारामतीचं मोठं एक्स्चेंज तर इतकं लख्ख होतं, की चप्पल बाहेर काढून आत जावं लागलं. बुधवारी वालचंदनगरच्या वाटेवर उसाच्या बैलगाड्यांच्या रांगेमागे आम्ही तासभर अडकलो. हवेत मळीचा आंबूस गोड वास, बैलांच्या गळ्यातल्या घंटा आणि पोपटरावांचा हॉर्न. शेवटी एका गाडीवानानं हॉर्नला कंटाळून उसाचं कांडं आमच्या खिडकीतून आत दिलं आणि पोपटराव गप्प झाले. वालचंदनगरच्या क्वार्टरांमधल्या सरळ रस्त्यांवरून, कडुनिंबाच्या सावलीतून जाताना मी यादीतल्या पास झालेल्या एक्स्चेंजांपुढच्या खुणा मोजत होते. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, की मी थोडी बेफिकीर झाले होते. हे आज लिहिताना कळतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही कळसच्या पलीकडच्या एका गावात पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे जे झालं त्यात गावाचा काही दोष नव्हता. एक्स्चेंज म्हणजे पत्र्याची एक खोली, आत कपाटाएवढं यंत्र, आणि त्यावर गावचे एकशे चौदा टेलिफोन. दारात बिरूतात्या उभे होते. तात्या खात्यातले लाइनमन, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. पाऊस संपला की कळप घेऊन घराबाहेर पडायचे ते सहा-आठ महिन्यांनीच परतायचे. तात्यांनी मात्र खांबावर चढायची नोकरी धरली.

"बारा ते एक फोन बंद, आसं गावात सांगितलंय," तात्या म्हणाले. "पर पाचच्या आत चालू व्हाया पायजेत बगा. रशीदभाईंच्या बूथवर फोन यायचाय."

रशीदभाई स्वतःच तिथे आले होते. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा माणूस. त्यांचं किराणा दुकान आणि दुकानातच एसटीडी बूथ. मंगळवारी त्यांच्या धाकट्या भावाच्या, सलीमच्या बायकोला मुलगी झाली होती. सलीम आखातात कामाला. महिन्याभरापूर्वी तो दुसऱ्या मुक्कामावर गेला होता आणि तिथला नंबर कुणाकडेच नव्हता. तोच दर शुक्रवारी आपल्या वेळेनं पाच वाजता बाहेरच्या बूथवरून फोन लावी.

"त्याला अजून काय म्हाईत न्हाय मॅडम," रशीदभाई म्हणाले. "पयल्या खेपेला बाळ गेलं हुतं आमचं. फोन लागला न्हाय, तर आठवडाभर त्यो काय काय मनात आणंल."

"एक वाजता चालू होतील," मी म्हणाले. गेल्या चार दिवसांत कधी एकाच्या पुढे वेळ गेलाच नव्हता.

कुठला नंबर यंत्रातल्या कुठल्या जागी जोडलेला आहे ही यादी एक्स्चेंजच्या स्मृतीत असते. परीक्षेआधी ती कागदावर छापून घ्यायची, हा नियम. मी प्रिंटर लावला, पहिलं पान बघितलं, ठीक होतं. बाकीची पानं खरखरत बाहेर येत असताना मी घड्याळ पुढे करायला बसले. तारीख घातली एकतीस डिसेंबर, वेळ अकरा अठ्ठावन्न. दोन मिनिटं आम्ही चौघं यंत्राला जोडलेल्या पडद्याकडे बघत उभे राहिलो.

बारा वाजले. शून्य-शून्य साल आलं. आणि कपाटातला लाल दिवा लागला.

मग भोंगा वाजायला लागला. तात्यांनी फोन उचलून कानाला लावला आणि हळूच खाली ठेवला. "मेलाय," ते म्हणाले.

अशा यंत्रात दोन जुळी कार्डं असतात. एक काम करतं, दुसरं शेजारी तयार बसतं. पहिलं चुकतंय असं वाटलं की दुसरं ताबा घेतं. मी दुसरं कार्ड बाहेर ओढलं. त्यावर जुनीच चिप होती. बदललेली होती ती फक्त पहिल्यावरची. पहिलं कार्ड शहाण्यासारखं दोन हजार सालात गेलं. दुसऱ्याला ते साल पटलं नाही, त्यानं ताबा घेतला आणि गोंधळात सगळी स्मृती पुसून टाकली. ही दुसरी कार्डं मी कुठल्याच गावात उघडून बघितली नव्हती. कागदावर 'बदलल्या' लिहिलं होतं, त्यावर मी विश्वास ठेवला होता.

चिप बदलायला पाच मिनिटं लागली. मग मी छापलेली यादी उचलली. पहिल्या पानावर अडतीस नंबर होते. दुसरं पान इतकं फिकट होतं, की एकही आकडा लागेना. तिसरं पान कोरं. रिबन वाळली होती आणि मी बघितलंच नव्हतं.

"तात्या, रजिस्टर?"

तात्यांनी रजिस्टर दिलं, पण त्यांची मान खाली होती. "मॅडम, त्याचा उपेग न्हाय. पावसाळ्यात वीज पडली, लायनींची चार कार्डं जळली. मी लायनी हिकडच्या तिकडं फिरवल्या. लिवायचं ऱ्हाऊन गेलं."

एक वाजून गेला होता. शहात्तर टेलिफोन, आणि कुणाचा कुठे जोडलाय हे कुठेच लिहिलेलं नाही. माझी चूक आणि त्यांची चूक अशा दोन चुका टेबलावर शेजारी शेजारी पडल्या होत्या. मी म्हणाले, "तात्या, यादी मी नीट छापली असती तर तुमच्या रजिस्टरची गरजच नव्हती. आता काय करायचं?"

तात्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "तुमी बसा. मी सांगतो. लिवलं न्हाय, पर ठावं हाय."

त्यांनी डोळे मिटले आणि गावाच्या वेशीपासून सुरुवात केली. वेशीवरचा खांब, खांबावरची डीपी (वायरी जिथे वाटल्या जातात ती पेटी), तिच्यातून निघालेली पहिली जोडी दूध डेअरीला, दुसरी मास्तरांच्या घरी. कुठल्या घराची वायर यंत्रात कुठल्या खणात येते, तो खण आधी कुठला होता, विजेनंतर कुठला झाला. ते सांगत होते आणि मी टाइप करत होते. दहा नंबर झाले की पोपटराव एकेक फोन लावून विचारत, "टेलिफोनमधनं बोलतोय, बेल वाजली का? कोण बोलतंय?"

"तात्या, हे सगळं ध्यानात कसं ठेवलंत?" मी मध्येच विचारलं.

"मेंढराला कुणी नंबर लावतं व्हय? तोंडावरनं वळखायचं. आमच्या आबांची दोनशे हुती."

अडीच वाजता तात्यांच्या घरून जेवण आलं. बाजरीची भाकरी, शेंगांची चटणी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची लसूण घातलेली पातळ पेज). मी एका हातानं माडगं प्यायले आणि एका हातानं टाइप केलं. रशीदभाईंचा रोजा होता. ते पाणीसुद्धा न पिता दाराशी बसून होते. त्यांच्याकडे नजर गेली की मला जास्त घाई होई.

साडेतीनला घोळ झाला. पोपटरावांनी दवाखान्याचा नंबर लावला तर फोन पिठाच्या गिरणीत वाजला. गिरणीवाला खेकसला, "हितं दळण हाय, इंजेक्शन न्हाय!" तात्या उठले, खोलीत दोन फेऱ्या घातल्या आणि कपाळावर हात मारला. "उंदरानं वायर खाल्ली तवा दोन्ही आदलाबदल केली हुती. दिवाळीच्या आदल्या दिशी." आकडे फिरवले. दवाखान्यात डॉक्टरांनी फोन उचलला.

साडेचार. एकशे तीन. पावणेपाच. एकशे नऊ. पाचला सात मिनिटं कमी असताना मी एकशे चौदावा नंबर घातला. तो रशीदभाईंचा नव्हता. त्यांचा तात्यांनी तिसऱ्या क्रमांकालाच घालून घेतला होता, हे मला नंतर कळलं.

आता पेच होता. नवी चिप बसली होती, पण परीक्षा पुन्हा घ्यायला हवी होती. पुन्हा लाल दिवा लागला तर सलीमचा फोन गेला. "आधी बाळ," मी म्हणाले, "मग दोन हजार साल." तात्या हसले, त्या दिवसात पहिल्यांदाच.

आम्ही सगळे दुकानात गेलो. बूथच्या काचेआड रशीदभाईंची आई, हलिमाबी, पदर सावरून स्टुलावर बसल्या होत्या. मागच्या खोलीच्या दारात सून उभी होती, हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. पाच वाजले. पाच वाजून पाच मिनिटं झाली. मी फोनकडे बघत होते आणि मनात एकेक खण पुन्हा तपासत होते. पाच वाजून नऊ मिनिटांनी बेल वाजली.

हलिमाबींनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "सलीम? आरं पोरगी झाली! व्हय, चांगली हाय! दोघी चांगल्या हायेत!" मग त्या ऐकत राहिल्या. त्यांनी रिसीव्हर सुनेकडे दिला, सुनेनं तो बाळाच्या तोंडाशी धरला. बाळ शांत झोपलेलं. सुनेनं त्याच्या तळपायाला हलकेच टिचकी मारली, आणि ते अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं रडलं. तिकडून सलीमचं हसू काचेबाहेरही ऐकू आलं. पोपटराव माझ्याकडे पाठ करून बिस्किटांच्या बरण्या बघायला लागले.

साडेपाचला आम्ही परत पत्र्याच्या खोलीत होतो. या वेळी यादी आधी हातानं उतरवली, तात्यांनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून तपासली. घड्याळ पुन्हा अकरा अठ्ठावन्नवर नेलं. बारा वाजले. साल दोन हजार लागलं. पहिलं कार्ड चाललं. मी मुद्दाम त्याला बंद केलं. दुसऱ्यानं ताबा घेतला आणि तेही चाललं. हिरवा दिवा. तात्यांनी फोन उचलला, ऐकलं आणि रिसीव्हर माझ्या कानाला लावला. ती नेहमीची डायल टोन. इतकी वर्षं ऐकली, पण त्या संध्याकाळी ती मला सनईसारखी वाटली.

घड्याळ खऱ्या तारखेवर आणून आम्ही बाहेर आलो तेव्हा सूर्य उसाच्या फडाआड गेला होता. रशीदभाई घ्यायला आले होते. रोजा सुटायची वेळ झाली होती. ओट्यावर सतरंजी अंथरलेली. खजूर, कांदाभजी, केळी आणि सरबताची घागर. हलिमाबींनी पहिला खजूर तात्यांच्या हातावर ठेवला.

"तात्या, तुमी चावडीवर नोकरीला ऱ्हाया पायजे हुतं," त्या म्हणाल्या, "समद्या गावाचा सातबारा तोंडपाठ झाला आसता."

शनिवारपासून आम्ही उलटे फिरलो. पास म्हणून खूण केलेलं प्रत्येक एक्स्चेंज पुन्हा उघडलं, दुसरं कार्ड बाहेर काढून बघितलं. आणखी दोन ठिकाणी जुनी चिप निघाली; तिथलं दुसरं कार्ड परीक्षेच्या वेळी बंदच होतं, म्हणून घोळ दिसला नव्हता. त्या दोन्ही पेटीतल्या चिपांनी बदलल्या. सुप्याच्या टपरीवाल्यानं आम्हाला परत आलेलं बघून विचारलं, "पुन्ना?" मी म्हणाले, "पुन्ना." त्यानं चहा ठेवला. बुधवारी रात्री पुण्यात पोचलो तेव्हा पेटी रिकामी होती आणि पोपटराव खड्ड्यांकडे बघतसुद्धा नव्हते.

एक जानेवारीला सकाळी सहापासून मी ऑफिसात बसून प्रत्येक गावाला फोन लावले. प्रत्येक गावातून बेल ऐकू आली, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी "हॅलो" म्हणालं. तात्यांनी पहिल्याच बेलला उचलला.

"समद्या एकशे चौदा लायनी वाजत्यात मॅडम. आनी आता लिवून बी ठिवल्यात."

दुपारी वर्तमानपत्रं आली. जगात कुठेच फारसं काही घडलं नव्हतं. शेजारचे काका जिन्यात भेटले आणि म्हणाले, "बघ, उगाच बाऊ केला होता." मी त्यांच्याशी वाद घातला नाही. ज्या माणसाचा फोन सकाळी लागला, त्याला तो का लागला हे सांगत बसण्याची गरज नसते. पण पत्र्याच्या त्या खोलीत लाल दिवा एकतीस तारखेला नव्हे, आठवडाभर आधी लागला, आणि आम्ही तिथे होतो, हे मला ठाऊक आहे.

सोमवारी अहवाल भरला. शेवटच्या रकान्यात विचारलं होतं: नवीन सालात आढळलेले बिघाड. सरकारी कागदात 'एकही नाही' म्हणायला एक ठरलेला शब्द आहे. तो मी नोकरीत शेकडो वेळा न बघता लिहिला असेल. या वेळी पेन उघडलं, बारामती आणि इंदापूर दोन्ही तालुक्यांची नावं एकदा वाचली आणि सावकाश, सुंदर अक्षरात लिहिलं: निरंक.