घासलेट, चुना आणि धुळा

धुळाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचा उजवा डोळा नारळाएवढा होता. डावा आपला साधारण मापाचा. पण उजव्यासमोर त्यानं भिंग धरलं होतं, आणि त्या एका डोळ्यात सांगलीचं निम्मं आभाळ, कारखान्याचं धुराडं आणि कारकून म्हणून रुजू व्हायला आलेला घाबराघुबरा मी, असे सगळे ऐसपैस मावलो होतो. मिशीचं एक टोक भट्टीकडे, दुसरं फाटकाकडे. त्यानं मला टाचेपासून टोपीपर्यंत तपासलं, छातीवर दोन टिचक्या मारल्या, कान लावला आणि निकाल दिला, "जरा पोकळ वाजतंय. पर चालंल."

हे बेचाळीस साल. नानासोंच्या त्या कारखान्यात उसाच्या चरकाच्या लोखंडी लाटा, म्हणजे ऊस पिळणारे जाडजूड रूळ, ओतायचे, आणि धुळानं तपासल्याशिवाय एकही लाट बाहेर पडत नसे. गडी मूळचा जतकडचा मेंढपाळ. शाळेची पायरी चढलेला नाही. मिरजेच्या रेल्वे शेडात चार वर्षं ओझी वाहताना आगगाडीचे आस कसे तपासतात, ते त्यानं बघून ठेवलं होतं. मापाचा तर त्याला नादच. घरी भाकरीलाही जाडी मोजायचा कॅलिपर लावायचा. "कड दोन सूत जाड हाय," असं तो म्हणाला, की बायको हरणाबाई परातीतून मान वर न काढता म्हणायची, "आवं, मग कारखान्यातच ओतून घ्या की भाकरी!"

मीही हसायचो. माझं हसणं त्रेचाळीसच्या डिसेंबरात थांबलं.

शिराळ्याकडच्या लालासाहेबांचं गुऱ्हाळ ऐन भरात असताना त्यांच्या चरकाची लाट मोडली. तोडलेला ऊस फडात वाळायला लागला. नानासोंनी घाईघाईनं नवी लाट ओतली, आणि लालासाहेब ती न्यायला बैलगाडी घेऊन दारात उभे राहिले. नानासोंनी स्वतः लाटेवर हातोडा मारला. देवळातल्या घंटेसारखी वाजली.

"ऐकलंत? चढवा गाडीत."

"थांबा मालक," धुळा म्हणाला. "घाईत साचा लवकर फोडलाय. लोखंड तापलेलं असतानाच वारं लागलंय. गळ्यापाशी, लाट बारीक हुती तिथं, मला शंका हाय. घासलेट लावून बघू."

"लढाई चाललीय, घासलेट कुठनं आणू? चीर दिसतीय का तुला?"

"न्हाई दिसत. म्हणून तर म्हणतोय."

लालासाहेब कावले. "आरं गड्या, माझा ऊस वाळतोय आन् तू लाटंची पत्रिका बघत बसतोस व्हय?"

नानासो भडकले. "दोन तास देतो! चीर निघाली न्हाई, तर उद्यापासून जतला जाऊन मेंढरं राखायची!"

धुळा घरी पळाला. रेशनचं घासलेट कंदिलात होतं तेवढंच. त्यानं तो वाटीत उपडा केला.

"आन् आठ दिस अंधारात काय करू?" हरणाबाई ओरडली.

"नोकरी गेली तर उजेडात तरी काय करशील?"

वाटी सांडू नये म्हणून ती स्वतःच घेऊन आली.

धुळानं घासलेटात काजळी कालवून लाटेच्या गळ्याला चोळली. ती मुरू दिली. मग फडक्यानं लाट लख्ख पुसून वर चुन्याचा पातळ हात द्यायला घेतला. चुना कमी पडला, तेव्हा सगळ्या गड्यांच्या तंबाखूच्या डब्या रिकाम्या झाल्या, लालासाहेबांची चांदीचीसुद्धा. युक्ती एवढीच: चीर असेल, तर आत मुरलेलं घासलेट चुन्यावर उमटतं. नसेल, तर लाट पांढरी राहते आणि धुळा जतला जातो.

चुना वाळला. पांढरा. आणखी पांढरा. इतकी गोरी लाट मी जन्मात पाहिली नव्हती. नानासो घड्याळ बघत होते, हरणाबाई नवऱ्याकडे, आणि नवरा भिंगातून लाटेकडे.

"आली," तो पुटपुटला.

गळ्याभोवती केसाएवढी काळी रेघ उमटत होती.

"ओघळ असंल," नानासो म्हणाले.

धुळानं चुना पुसला, नवा लावला. रेघ पुन्हा त्याच जागी आली, आणि बोटभर वाढून आली. मग नानासोंनीच घण उचलला. तिसऱ्या घावाला लाटेचा गळा तुटला. तो बरोबर त्या रेघेवर.

लालासाहेब बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. चरकात ऊस घालायला तेच बसत. "धुळा," ते म्हणाले, "ऊस जाऊ दे रं. हात ऱ्हायला." त्यांनी ऊस शेजाऱ्याच्या गुऱ्हाळावर नेला. नवी लाट सहाव्या दिवशी मिळाली. तिचा साचा पुरता गार होईपर्यंत धुळा त्याच्याशेजारी ठाण मांडून बसला होता. न्यायला येताना लालासाहेबांनी हरणाबाईसाठी दोन बाटल्या घासलेट आणलं. कुठून, ते आम्ही विचारलं नाही.

मी पुढं बरेच शिकलेले लोक पाहिले. स्वतःला न दिसणाऱ्या गोष्टीसाठी नोकरी पणाला लावणारा मात्र हा एकच.

नानासोंनी दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहून टाकलं: प्रत्येक लाटेला घासलेट आणि चुना. धुळानं ही विद्या हातचं काही न राखता सगळ्यांना शिकवली. इतकी, की मला, कारकुनालासुद्धा, चीर ओळखता यायला लागली.

लढाई संपली, कामं घटली. चीर ओळखणारे तोवर कारखान्यात अकराजण झाले होते. शेहेचाळीस साली त्यांतल्या एकाला कमी केलं. धुळा जतला गेला आणि मेंढरं राखू लागला.