घर उतरवणारे भाईसाहब

हे मी आजवर कुणाला, बायकोलासुद्धा, सांगितलेलं नाही: आमचं मुरलीपुऱ्यातलं घर पाडताना मी वडिलांचा आवाज काढून ठेकेदाराशी बोलत होतो. आणि ठेकेदार तरी कसा, तर घर पाडणाऱ्यांत घरांना त्याच्याइतका जीव लावणारा माणूस अख्ख्या जयपुरात सापडायचा नाही.

भाईसाहब म्हणायचो आम्ही त्यांना. परवाना, विमा, अनुभव, सगळं चोख. पण 'पाडणं' हा शब्द तोंडात नाही. "गिराती तो आँधी है सा, हम तो उतारते हैं." पाडायच्या घरात शिरतानाही चपला बाहेर काढायचे. कडक इस्त्रीचा पांढरा सफारी घालून धुळीत उभे राहायचे आणि डॉक्टर पाठ तपासतो तसे भिंतीवर टिचक्या मारून कान लावायचे. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे चहा झाल्याशिवाय घण उचलू देत नसत. डावीकडच्या गृहस्थांशी आमचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. भाईसाहब कचोऱ्या घेऊन गेले आणि धुळीवर मारायला त्यांच्याच पाण्याची नळी घेऊन परतले. राजा पार्कमधल्या स्वतःच्या घरी मात्र बसायला तीन पायांची खुर्ची. मी गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी, भाभीजी, म्हणाल्या, "दुनिया के मकान तोड़ आए, इनसे एक कुर्सी नहीं फेंकी जाती." भाईसाहब तिच्यावरच तोल सांभाळत होते. "अभी बैठा तो हूँ ना!"

त्यांचा एक नियम मला नडला. घर ज्यानं बांधलं, त्याच्या तोंडून 'हां' ऐकल्याशिवाय काम सुरू नाही. रेल्वेतून निवृत्त झालेले बाबा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अमरावतीला ताईकडे होते. घर कागदावर माझ्या नावाचं, स्लॅबच्या खपल्या पडत होत्या, इंजिनिअरनं राहू नका म्हणून बजावलेलं. तरी बाबा नाहीच म्हणाले असते. म्हणून मी विचारलंच नाही. भाईसाहबांना बाबांचा म्हणून माझाच दुसरा नंबर दिला, आणि मानसरोवरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बाथरूमची कडी लावून, खोकत खोकत म्हणालो, "हां भैया, मतलब... उतार दो."

भाईसाहब खूश. इतके खूश, की रोज संध्याकाळी 'बाऊजीं'ना खबर द्यायला फोन. "बाऊजी, आज छत उतर गई. घुटना कैसा है?" मी आत कण्हत गुडघ्याचे हाल सांगतोय आणि बाहेर बायको दार ठोठावतेय, "अहो, रोज रोज पोट कसं बिघडतं तुमचं?"

मग एका संध्याकाळी ते पायापर्यंत पोचले. "बाऊजी, मकान एक मंज़िल का और नींव तीन की? किसके लिए डाली थी?"

हे बाबांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी खोकायचंही विसरलो.

"बेटे के लिए," म्हणालो.

 पलीकडून ते हळूच म्हणाले, "बेटे को बताया क्यों नहीं, बाऊजी?"

मी फोन बंद केला आणि नळ सोडून बसलो.

आता तिथे सपाट जमीन आहे. भाईसाहब सणावाराला बाऊजींना अजून फोन करतात. मी उचलत नाही. बाबा आता काठीशिवाय चालतात, परत यायचं म्हणतात. परवा विचारत होते, "पावसाआधी गच्ची झाडून घेतलीस ना रे?" मी हो म्हणालो.

घर उतरलं, हे बाबांना सांगायचं अजून बाकी आहे.