मस्कतच्या पोरांपुढं शेणव्याची बाई

शहापूरच्या बाजारात मला कोणी तब्येत विचारत नाही. "गो बाय, मस्कतचा एक सांग ना!" म्हणतात. मी तरी काय करू? एक किस्सा सांगायला घेतला की मागचे दोन त्याचं शेपूट धरून येतात!

मी चौथी पास. शेणव्यात बालवाडी चालवली. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून इंग्रजी शिकले, कोणाचे उपकार नाहीत! म्हातारपणी लेकीकडं मस्कतला गेले, तर तिथल्या एका इंटरनॅशनल शाळेनं छोट्यांच्या वर्गावर घेतलं. गोरे प्रिन्सिपल म्हणाले, "ट्रायलवर. पालकांची तक्रार आली की घरी."

मला घरी जायचं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा कोणी टीचरची खुर्ची दिली होती.

*

पहिल्याच दिवशी एक एवढंसं पोरगं म्हणतं, "हाय, सुमन!"

मी गारच! शेणव्यात सरपंचसुद्धा मला बाई म्हणतो. त्याला सांगितलं, "बाई म्हण!" आठवड्याभरात प्रिन्सिपलही बाई म्हणायला लागले.

*

तिथं पोराला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. नाक पुसायलासुद्धा परवानगी!

एका स्वीडनच्या पोरीचा शेंबूड ओठांपर्यंत आलेला. मी पदर सावरून विचारलं, "पुसू का?"

"नो, थँक यू!"

*

एकदा वर्गात परातभर तांदूळ आणला. निळा रंग दिलेला! पोरांनी त्यात होड्या फिरवायच्या म्हणे. चिखलात उभं राहून लावणी केलेली बाई मी, डोळ्यांदेखत तांदूळ पायाखाली जाताना बघू?

दुसऱ्या दिवशी पोरं विचारतात, "बाई, आपला समुद्र कुठाय?"

म्हटलं, "काल जेवलात तोच! धुऊन शिजवला होता."

प्रिन्सिपलनी बोलावून बजावलं, "बाई, पुढच्या वेळी तिकीटच काढीन."

हा किस्सा ऐकून आमची शेजारीण जानकी शहापूरच्या बाजारातच ओरडली, "खायच्या तांदलाशी खेलतात? माजलीत काय गो ती!"

*

पालकसभेत एक टायवाले बाप म्हणाले, "आमच्या मुलात लीडरशिप दिसते का?"

"दिसते तर! परवा त्यानं चड्डी काढली, मागोमाग अख्ख्या वर्गानं काढली!"

*

मग माझ्या वर्गातल्या टॉमचा दात पडला.

आमच्याकडं पडलेला दात कौलावर फेकतात. उंदीर नेतो आणि आपल्यासारखा बळकट दात देतो. तिथं कौलं कुठली? मी म्हटलं, "फेक रे गच्चीवर!" टॉमनं असा भिरकावला! पोरांनी टाळ्या पिटल्या.

शाळा सुटताना त्याची आई लालबुंद होऊन आली. त्यांच्यात म्हणे दात उशीखाली ठेवतात आणि परी येऊन नेते. "माझ्या मुलाचा पहिला दात! तो शोधा, नाहीतर या बाईला आत्ताच्या आत्ता काढा!"

देशोदेशीचे सगळे टीचर अंगणात जमले. प्रिन्सिपल कोटासकट शिडी चढून गच्चीवर गेले. मी मनात पेटी भरायला घेतली.

बऱ्याच वेळानं साहेब उतरले आणि त्यांनी मूठ उघडली. मी डोळे फाडून बघतेय! टॉमनं एकच फेकला होता, आणि इथं मूठभर दुधाचे दात! वर एक भलीमोठी दाढ. चांगल्या थोराड माणसाची!

टॉमची आई दोन पावलं मागं सरकली. साहेबांनी आम्हा टीचरांवरून एकेक करत नजर फिरवली.

"आता कोणाकोणाला काढू?"

एकाही टीचरनं तोंड उघडलं नाही!