खांदे खाली, बाई!

"खांदे खाली, बाई! कानात काय सांगून राह्यले ते?"

ऊर्जानगरच्या आमच्या कॉलनीत सकाळी ही हाक आली की हॉलमधल्या सगळ्या बायका एकदम बुटक्या व्हायच्या. हाक मारणारी आमची व्यायामवाली. गळ्यात मंगळसूत्र, त्यातच गुंतलेली शिट्टी, आणि सलवार-कुडत्यावर नवऱ्याचं जुनं जॅकेट. नवरा वीज केंद्रात नोकरीला. ही माहेरची जंगलाकाठच्या मोहर्लीची. लग्नाआधी शाळेत खेळ शिकवायची. मुलांनो, व्हिडिओ कॉलवर तुम्ही नातवंडं विचारता ना, आजी या वयात इतकी सरळ कशी बसते? ती तिची कृपा. मी शाळेतली बाई, म्हणून मला म्हणायची, "मॅडम, तुमी तं परीक्षेच्या हॉलात उभ्या असल्यासारख्या राह्यता. पेपर संपला. सोडा अंग."

मधूनच मात्र तिचं बिनसायचं. कमरेखाली, सांगायची सोय नाही अशा जागी फोड उठायचे, आग व्हायची. त्या दिवसांत क्लास आटोपला की ती कॉलनीच्या रस्त्यावर पळत सुटायची. चंद्रपूरचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. मे महिन्यात कावळासुद्धा सावली सोडत नाही. ही मात्र तोंड लाल करून धावते आहे, आणि खांदे कानांपाशी!

"काऊन पळतेस ग अशी?" इतकी वर्षं इथे राहून माझीही भाषा तशीच झाली आहे.

"उष्णता हाय, मॅडम. आमचे हे म्हणतात, घामावाटे निघून जाते."

नवरा चहाचा कप घेऊन गॅलरीत उभा असायचा. वरून ओरडायचा, "अजून एक राउंड!" आम्ही बायका म्हणायचो, किती काळजी घेतो बघा.

कोणी सब्जा दिला, कोणी गुलकंद. शेजारची सासू तर वाटीत गेरू कालवून आली; नागीण असेल, भोवती रेघ ओढते म्हणाली. ही हसली. "नागीण एकदा येऊन जाते, काकू. माही तं माहेरपणाले येते. जाते, पुन्हा येते."

एकदा धावता धावता ती रस्त्याच्या कडेला मटकन बसली. अंगात ताप होता. मी तिला चंद्रपूरला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, आणि सरळ सांगितलं: हर्पिस. शरीरसंबंधातून येतो, नसांच्या मुळाशी दडून राहतो, पुन्हा पुन्हा उठतो.

मुलांनो, शब्दाला लाजू नका. मी लाजले होते.

"घामातून तो जात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "व्यायाम चांगला, पण फोड असताना अंग पिळून काढू नका. दमणूक, ताण, जागरण यांनी काहींना तो जास्त वेळा उठतो. गोळ्या लिहून देते. आणि हे खांदे... झोपून एकेक स्नायू आधी आवळा, मग सोडा. त्याने रोग बरा होणार नाही, पण सोसणं हलकं होईल." मग हळूच म्हणाल्या, "मिस्टरांनाही घेऊन या."

खाली औषधाच्या दुकानात दुकानदाराने गोळ्यांचं पाकीट पुढे ठेवलं. ती मोकळेपणी हसली. "हे तं आमच्या घरी हाय, भाऊ. आमच्या ह्यांच्या अॅसिडिटीच्या गोळ्या. कवापासून खाऊन राह्यले."

"नाई बाई," दुकानदार म्हणाला. "ह्या अॅसिडिटीच्या नाई."

हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं, दिवस उजाडल्यावरही जळत राहिलेल्या रस्त्यावरच्या दिव्यासारखं.

नवऱ्यालाही तोच रोग होता, आणि त्याला तो माहीत होता. स्वतः गोळी घ्यायची, वर चहा प्यायचा, आणि खाली उन्हात बायकोला म्हणायचं, अजून एक राउंड!

दुसऱ्या दिवशी ती क्लासला आली. आम्हाला चटयांवर झोपवलं. "मुठी आवळा. अजून. आता सोडा." आम्ही सोडल्या. मी मान वळवून पाहिलं, तर तिच्या मुठी आवळलेल्याच होत्या. बोटांची पेरं पांढरी पडली होती. मी शेजारी बसून एकेक बोट उघडलं. तिने उघडू दिलं.

"विचारलं म्या त्याले," ती छताकडे पाहत पुटपुटली. "म्हणे, सांगतलं असतं तं तू राह्यली असती काय?"

"मग?"

"म्या म्हटलं, राह्यली असती. दोघांनी गोळ्या खाल्ल्या असत्या. पण तू मले पळवलं."

काही दिवसांनी ती निघाली. मोहर्लीला तिचा भाऊ जंगल सफारीची जिप्सी चालवतो, तिथल्या एका हॉटेलात तिला काम मिळत होतं. आम्ही सगळ्या फाटकाशी एसटीची वाट पाहत उभ्या राहिलो. नवरा गॅलरीत होता. खाली उतरला नाही.

ती एसटीत चढली. जॅकेट मागेच ठेवलं होतं. खिडकीशी बसून तिने आमच्याकडे नीट पाहिलं, आणि गाडी हलता हलता डोकं बाहेर काढून ओरडली,

"खांदे खाली, बाई!"

आमचे सगळ्यांचे खांदे कानांना भिडले होते.

तिचे मात्र नव्हते. गाडी वळेपर्यंत मी पाहत राहिले. तिची मान इतकी लांब आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.