विलायती झाडाला ताण

माझं लग्न ठरलं तेव्हा मॅट्रिकला एकच वर्ष उरलं होतं. अकोल्याला माझे वडील शाळेत शिकवायचे, त्यामुळे बोलणी चालू असतानाच त्यांनी मुलीला परीक्षेला बसू द्याल ना, एवढं विचारून घेतलं. अमरावतीचे माझे सासरे वकील. ते म्हणाले, "पाहू." वकिलाच्या तोंडचं 'पाहू' म्हणजे पुढची तारीख पडली, हे कळायला मला सासरी यावं लागलं.

आमचे हे नागपूरला कायदा शिकत होते. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. घरात सासरे, म्हणजे मामंजी, त्यांच्या विधवा बहीण आत्याबाई आणि मी. गावाबाहेरची संत्र्याची बाग आत्याबाईंच्या ताब्यात होती आणि तिथे मामंजींची वकिली चालत नसे. मी रोज जेवायला वाढताना मॅट्रिकचा विषय काढायची आणि मामंजी रोज मठ्ठा मागायचे.

त्या उन्हाळ्यात ते चिखलदऱ्याहून परतले ते मांडीवर कुंडी घेऊन. कोणी गोरा साहेब बंगला आवरून विलायतेला निघाला होता, त्याने दिलेली. झाड देवदाराच्या कुळातलं, पण बुटकं. पाला बारीक आणि टोचरा, फांद्या वर जायचं नावच घेत नव्हत्या. जमिनीला धरून चटईसारख्या पसरायच्या. साहेबाच्या बंगल्यापुढची सगळी उतरण म्हणे या झाडांनी झाकून टाकली होती. मामंजींना तसंच हिरवं जाजम अंगणात, आपल्या आरामखुर्चीपुढे हवं होतं. आत्याबाईंनी कुंडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हे उठते कवा?"

मामंजी असे चिडले की काही विचारू नका. मी ती वेळ साधली आणि म्हटलं, मी जगवते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"वाढवून दाखव. मग तुझ्या मॅट्रिकचं पाहून घेऊ."

'पाहू'वरून गाडी 'पाहून घेऊ'वर आली, हेही काही थोडं नव्हतं.

कुंडीतलं झाड आरामखुर्चीपुढे जमिनीत लावलं आणि पहिलटकरणीचे होत नसतील एवढे लाड मग त्याचे झाले. सकाळी पाणी, ऊन उतरलं की पाणी, मध्येच तांदळाचं धुवण. येणारा-जाणारा फाटकाशी थांबून सल्ला द्यायचा. शेजारच्या काकूंना तर त्याची इतकी कीव आली की त्यांनी काठ्या रोवून फांद्या सुतळीने उभ्या बांधल्या. मामंजींनी कोर्टात जाता जाता त्या स्वतः सोडल्या आणि दिवसभर काकूंच्या नावाने बोटं मोडली.

आमची जमीन काळी. एकदा भिजली की पाणी धरून बसते. पावसाळा सरला, दिवाळी झाली आणि झाड आतून पिवळं पडू लागलं. मग तांबूस झालं. मी घाबरून आणखी पाणी घातलं. एकेक फांदी वाळत होती आणि माझी परीक्षा डोळ्यांदेखत चालली होती. पोळ्या लाटता लाटता मला रडू फुटायचं.

तेव्हा बागेत संत्र्यांना ताण द्यायचे दिवस होते. आमच्याकडे थंडीत संत्र्याचं पाणी तोडतात, आळी उकरून मुळांना ऊन दाखवतात. झाड सुकतं, पानं गाळतं, आणि मग पाणी सोडलं की त्याला बहार फुटतो. आत्याबाईंना जगात हा एकच इलाज ठाऊक. त्या खुरपं घेऊन अंगणात बसल्या. हे संत्र्याचं झाड नाही, हे मी परोपरीने सांगितलं.

"झाड ते झाड. लाडावलं हे. ताण बसू दे, मंग पाह्य कसं फुलते."

मुळं उघडी केली तर खाली नुसता चिखल आणि कुबट वास. पाणी बंद झालं. मामंजी घरी आले आणि विलायती झाडाची ही गावठी हजामत पाहून त्यांनी बहिणीशी अबोला धरला. मी मॅट्रिकवर पाणी सोडलं. झाडावर सोडायला तर बंदीच होती.

फाल्गुनात फांद्यांच्या टोकांना हिरवे कोंब दिसले. मी अंगणातच टाळ्या पिटल्या. आत्याबाई मात्र नाराज. त्या रोज सकाळी फूल शोधायच्या, आणि फूल काही आलं नाही. दुखणं ओलाव्याचं होतं आणि उपाय बहाराचा झाला, पण झाड वाचलं. पुढचा पावसाळा संपेस्तोवर ते ऐसपैस पसरलं.

मी पुन्हा मॅट्रिकचा विषय काढला. मामंजींनी मठ्ठा मागितला नाही, थेट वकिली सुरू केली. करार वाढवून दाखवण्याचा होता; झाड आलं तेव्हा वीतभर होतं आणि आजही वीतभरच आहे, तेव्हा वाढलं कुठे?

मी विचारलं, "मामंजी, तुमची आरामखुर्ची आधी कुठे असायची?"

त्यांनी वळून पाहिलं. झाडाला जागा देत देत खुर्ची मागे सरकून न्हाणीच्या भिंतीला टेकली होती. आत्याबाईंना हसता हसता ठसका लागला. दुसऱ्या दिवशी माझी पुस्तकं आली.

मी परीक्षेला बसले आणि गणितात आपटले. वर्तमानपत्रातल्या निकालात माझा नंबरच नव्हता. इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती आणि पुढेही वाटली नाही. एवढं भांडून मिळवलं आणि हे दिवे लावले! त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी चुलीपुढून उठलेच नाही. मामंजी कोर्टातून आले आणि डोक्यावरची पगडीही न उतरवता त्यांनी अंगणातून हाक मारली. आता पुस्तकं बांधून ठेव असं ऐकायच्या तयारीने मी पायरीवर जाऊन उभी राहिले. आत्याबाई तिथे तांदूळ निवडत होत्या. मामंजी झाडाकडे पाहत होते, आणि बोलले तेही माझ्याशी नाही, बहिणीशी.

"हिले ताण बसला. आता पाणी तोडून कसं चालंल? यंदा पुन्हा बसू दे."

मी पायरीवरच मोठ्याने रडले. ते या वेळी 'पाहू' म्हणाले नव्हते.