हार्टचं नाव सांगत होतो तेव्हा

"एचआयव्ही पॉझिटिव्ह," डॉक्टर म्हणाले. मला काहीच वाटलं नाही. नवरा याच आजारानं गेला हेही त्याच खोलीत कळलं. त्याचंही काही वाटलं नाही. बाहेर आल्यावर मी अण्णाला, माझ्या थोरल्या भावाला, कॉफी घेऊ या म्हटलं.

घरी पोचायच्या आत अण्णानं ठरवून टाकलं, लोकांना हार्ट सांगायचं. बेंगळूरात आमची मराठी मंडळी मोजकी आणि भारी चौकस. आजारी माणसाला भेटायला सगळी येणारच. हार्ट म्हटलं की कुणी कपबशी वेगळी ठेवत नाही. मी सरी, म्हणजे बरं, म्हटलं. कुणी आलं की अण्णा डोळ्यानं खुणवायचा, मग मी छातीवर हात ठेवून स्वल्प धापा टाकायची. हे नाटक दोनेक वर्षं बरं चाललं.

एका रविवारी मंडळींतल्या एक काकू आलेल्या असताना खरीच कळ आली. जबडा, डावा हात भरून आला, दरदरून घाम फुटला. मी म्हटलं, "अण्णा, छातीत दुखतंय."

"हो हो, पडून राहा," म्हणत त्यानं काकूंना उपमा वाढला. आज फारच छान जमलं, असा त्याचा चेहरा होता. अस्सा राग आला होता, पण बोलायला दम नव्हता. मी खुर्चीवरून खाली घसरले तेव्हा काकू ओरडल्या.

हॉस्पिटलात ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख, काढला. हार्ट अटॅकच होता. इतक्या लहान वयात कसा, डॉक्टरीणबाईंना पटेना. दुसरा काही आजार?

"काही नाही," अण्णा म्हणाला. काकू माझ्या पायावर हात ठेवून उभ्या होत्या. आता गप्प राहिले तर मी मरेन, एवढं समजत होतं. मी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"एचआयव्ही आहे मला."

काकूंनी हात काढला. डॉक्टरीणबाईंनी ग्लोव्हज चढवले आणि सलाईन लावलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

नंतर त्यांनी समजावलं. इन्फ्लमेशन, म्हणजे आतली सूज. विषाणूशी सतत झुंजल्यामुळे ती शरीरात राहते, रक्तवाहिन्यांनाही त्रास देत असावी. "आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. माझ्यासारख्यांना माझं एवढंच सांगणं, छातीतलं दुखणं अंगावर काढू नका आणि डॉक्टरांपासून काही लपवू नका.

मंडळींपैकी पुन्हा कुणी आलं नाही. भेटायच्या वेळी माझ्यापाशी एकटा अण्णा बसायचा. एका संध्याकाळी त्यानं विचारलं, "दुखतंय?"

मी नाही म्हटलं. तरी तो नर्सला बोलवायला गेला.